नळीची बैठक

"जेवत्या माणसाच्या पुढ्यात कुणी बंदूक आणून ठेवतो काय?" गोदूबाईने ताट सरकवलं. "रीतभात म्हणून काय नाय या माणसाला. लग्न झाल्यापासून बघतेय."

रावजी सुताराने पाट पुढे ओढला. पलटणीतून परतलेल्या भागोजीची परवान्याची रायफल, रिकामी, त्याने पाटावर आडवी ठेवली. नळीखालचा जुना लाकडी दस्ता वाळवीने खाल्ला होता. नवा शिसवी दस्ता रावजीने पडवीत बसून कोरला होता. भागोजी संध्याकाळच्या आत हातखंब्याहून यायचा होता.

"बैठक बघ गो जरा."

कोरायचं त्याने आणि बघायचं तिने, असंच चालत आलेलं. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं, पण लोखंड लाकडाला कुठे टेकलं नि कुठे अधांतरी राहिलं, ते तिला बरोबर कळे. तिने चिमणीची काजळी बोटावर घेऊन नळीच्या पोटाला पुसली, नळी खाचेत दाबली आणि उचलली.

काळा डाग पुढे उमटला, मागे उमटला. मधलं लाकूड कोरं. कोरं कसलं, खरवडून खोल गेलेलं. काजळी न दिसणाऱ्या माणसाने चाचपत कोरावं, तशी पटाशी एकाच जागी फिरली होती.

तिने नळी परत बसवली, स्क्रू आवळले, सांध्यावर अंगठा ठेवून दाबलं. नळी हलली. टक्.

त्याच क्षणी रावजी खोकला.

तिने पुन्हा दाबलं. तो पुन्हा खोकला, आधीपेक्षा मोठ्याने. नजर तिच्याकडे लावलेली, पण जराशी बाजूला, खांबावर; ती नेमकी कुठे बसलीय ते त्याला दिसत नसावं.

"भुशाने घसा धरलाय," तो म्हणाला.

गोदूबाईच्या जिभेवर आलेलं सगळं तिथंच राहिलं. 'माझं चुकलं' हे शब्द तिच्या तोंडून वाडीत कुणी ऐकले नव्हते. सुनांनी नाही, देवानेही नाही. हाताची काजळी तिने धुवट लुगड्याच्या पदराला पुसली.

बाहेर कुंपणाच्या बेड्याकडून भागोजीची हाक आली.

"दस्ता बिघडलाय," ती हळू म्हणाली. "भागोजीला मी सांगते, तुम्ही जेवत होता तवर मीच शाणपणा करून पटाशी चालवली. मधे तोंड घालू नका. खोकायचं पण नाय."