पहिल्या बेसपर्यंत गेलेली बॅट

मी एक जुनी बॅट आहे, असं म्हटलं की तुम्ही लगेच क्रिकेटचं काढाल. थांबा, मित्रांनो. मी गोल आहे, बेसबॉलची आहे. लेस्टरमध्ये आमच्या घराण्याला फारसं कोणी विचारत नाही.

माझा जन्म अमेरिकेतला. कोणाच्या तरी सामानातून मी इंग्लंडला आले आणि बरीच वर्षं एका शेडचं दार अडवून धरलं. काम चोख होतं, तक्रार नाही. मग एका रविवारी कार बूट सेलमध्ये, म्हणजे गाड्यांच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारात, बिघडलेल्या टोस्टरशेजारून, अक्षराने मला उचललं.

अक्षरा लेस्टरमध्येच वाढलेली. २००४ साली तिने कॉलेजचा पहिला बेसबॉल संघ काढला. क्रिकेटच्या संघाने ज्यांना अतिशय नम्रपणे नको म्हटलं होतं, ते सगळे आले. पंच मिळेना, म्हणून तिने आपल्या आजोबांना, कमलाकरआबांना उभं केलं. आबांनी नियमांचं पुस्तक पोथीसारखं वाचून काढलं. त्याचे परिणाम संघाला भोगावे लागले.

संघातला सर्वांत जोरकस फटका परीक्षितचा. हा पुण्याहून एमएस्सीला आलेला. पण चेंडू मारला की मला हातात घेऊनच पळायचा! आमच्यात बॅट तिथेच टाकून पळतात. पडणं हा आमच्या नोकरीचाच भाग. पहिल्याच सामन्यात त्याने धापा टाकत मला पुढे लांबवलं आणि क्रीजवर टेकवावी तशी पहिल्या बेसवर, म्हणजे धावून गाठायच्या त्या चौकोनी गादीवर, टेकवली.

"आउट," आबा म्हणाले.

"अहो आबा, बॅट टेकली ना!"

"बॅट टेकली. तू कुठे टेकलास? इथे पाय लागतो."

"आबा, आपल्याच टीमला?" अक्षरा ओरडली.

"घरी गेल्यावर आजोबा होईन. आत्ता पंच आहे."

खरं सांगू? मला मात्र अभिमान वाटला. इतर बॅटी गवतात पडतात, मी बेसपर्यंत जाऊन आले होते. संघ हरला, तो भाग वेगळा.

पुढेही हरतच राहिला. परीक्षित सरावाला मला टाकायचा, सामन्यात विसरायचा.

"बॅट ड्रॉप कर ना रे! इट्स नॉट दॅट हार्ड!"

"अगं, हातच सुटत नाही. लहानपणी बॅट टाकली की आमचे सर मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे."

"तुझा सर इथे नाहीये! मी आहे, आणि मी जास्त डेंजरस आहे."

दुसऱ्या उन्हाळ्यात कॉलेजने कळवलं की यंदा एक तरी सामना जिंका, नाहीतर संघ बंद. मैदान फ्रिस्बीवाल्यांना मिळणार होतं. प्लॅस्टिकच्या थाळीपुढे हरायचं, म्हणजे बघा.

शेवटचा सामना नॉटिंगहॅमच्या पाहुण्यांशी होता. बरोबरी झालेली, आभाळ भरून आलेलं. आणखी डाव होणार नव्हता आणि बरोबरी म्हणजे काही जिंकणं नव्हे. आमच्या संघातला देव नावाचा मुलगा तिसऱ्या बेसवर तयार होता, पण दोघे आधीच बाद, तिसरा बाद झाला की डाव संपला. परीक्षितने चेंडूच्या आधी पहिला बेस गाठला तरच देवची धाव धरणार होते.

फटका काही झकास बसला नाही. चेंडू सरपटत गेला. परीक्षित धावला, आणि मी अर्थातच त्याच्या हातात.

"टाक!" अक्षराचा आवाज फाटला. "परीक्षित, टाक तो बॅट!"

मी मनात म्हटलं, टाक रे. आणि त्याच श्वासात म्हटलं, नको टाकूस.

त्याची मूठ सुटली.

मी चिखलात पालथी पडले. काही दिसलं नाही. नुसते धावणारे बूट ऐकू आले, मग हातमोज्यात चेंडू बसल्याचा आवाज, मग शांतता. आबा पुस्तकातलं पान आठवत असावेत.

"सेफ!"

संघ वाचला. देवला खांद्यावर घेतलं, फोटो काढले, गाणी म्हणत मंडळी चिप्स खायला गेली. पाऊस आला. माझी आठवण कोणाला झाली नाही.

सकाळी दोन माणसं दोन बाजूंनी मैदानात आली. दोघंही गवतात काहीतरी शोधत होती आणि शोधत नसल्यासारखं दाखवत होती.

"आबा, तुम्ही?"

"पाय मोकळे करायला आलो होतो. तू?"

"मीही."

परीक्षितचा बूट मला लागला. त्याने चटकन वाकून मला हात लावला आणि तो कपाळाला नेला. मग स्वेटरच्या बाहीने मला पुसलं. मुठीपासून वरपर्यंत चीर गेली होती.

"सॉरी हं," तो मला म्हणाला.

"काल पंच होतो, म्हणून जिंकल्यावर हसलो नाही," आबा म्हणाले, आणि तिथे, रिकाम्या मैदानात, मनसोक्त हसले.

आता मी आबांच्या दाराशी छत्र्यांमध्ये असते. संघ अजून खेळतो, नव्या बॅटींनी. मित्रांनो, पळताना हातातलं टाकावं लागलं, तर खुशाल टाका. आम्ही रुसत नाही. फक्त पाऊस यायच्या आधी परत या.