चार पानांत न मावलेली ती

मित्रांनो, मी एक जुना बायोडेटा आहे. चार पानी, जाड कागदाचा, कोपऱ्यात फोटो चिकटवलेला. माझी मालकीण कृत्रिम पाय बनवायची. मला टाइप करून घरी आणलं तेव्हा तिच्या सासऱ्यांनी दोन्ही हातांत धरून वाचलं आणि म्हणाले, "काय भारदस्त दिसतोय!" त्या कौतुकावर मी कित्येक वर्षं जगलो.

पुढे नवऱ्याच्या बदलीमुळे ती परदेशी आली. माझ्या प्रती काढून तिने इस्पितळांत पाठवल्या. कुठूनही उत्तर आलं नाही, साधा नकारसुद्धा नाही. ती रोज थोडी थोडी गप्प होत गेली. चूक माझी असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

एका रविवारी तिची नणंद आली. ती याच देशात एका इस्पितळासाठी माणसं निवडते. तिने मला उचललं आणि चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"वहिनी, हे काय? फोटो, उंची, वडिलांचं नाव, लग्न झालंय का... नोकरी शोधतेयस की स्थळ?"

"आपल्याकडे असंच लिहितात ना, ताई."

"इथे असलं दिसलं की कागद बाजूलाच पडतो. वय किंवा लग्न बघून माणूस निवडला, असं कुणी म्हणायला नको म्हणून."

मी हादरलो. ज्याचा मला गर्व, त्यानेच तिची वाट अडवली होती! नणंदेने लाल पेन काढलं. फोटो गेला, जन्मतारीख गेली, छंद गेले. भर दिवसा कुणी अंगावरचे कपडे ओढून घ्यावेत तसं मला झालं.

पण खरा धक्का पुढेच होता.

"'कृत्रिम अवयव विभागात कार्यरत,'" नणंदेने वाचलं. "म्हणजे तू करायचीस काय?"

मालकीण अडखळत बोलू लागली. "मुलं वाढतात, पाय तोकडा पडतो. सारखा नवा कुठून आणणार? मग ती घरीच बसतात. म्हणून मी नळी सरकवून लांब करता येईल असा पाय तयार केला. नंतर आमच्याकडे सगळ्याच मुलांना तसे बसवायला लागले."

नणंदेने माझी चारही पानं उलटून पाहिली. "अगं, आणि हे कुठे लिहिलंयस?"

"आपणच आपलं कसं सांगायचं?"

मला तिची उंची ठाऊक होती, तो पाय ठाऊक नव्हता! तिची ओळख म्हणून मी नुसताच मिरवत होतो.

दोघींनी मिळून एक पान लिहिलं. काय केलं, कुणासाठी केलं, त्याने काय बदललं, एवढंच. त्या पानाला बोलावणं आलं. इथली परीक्षा होईपर्यंत दुसऱ्याच्या हाताखाली काम करावं लागेल, असं तिला सांगितलं. ती लगेच हो म्हणाली.

परवा एका लहान मुलीचा कृत्रिम पाय बनवताना तिच्या दुसऱ्या, धड पायाचं माप घ्यायला मालकिणीला कागद हवा होता. पिशवीत मी सापडलो. तिने मला जमिनीवर पालथं घातलं. माझ्या कोऱ्या पाठीवर इवलंसं पाऊल टेकलं आणि त्याच्याभोवती पेन्सिल फिरू लागली.

"जरा मोठा काढ," मुलगी म्हणाली. "मी वाढणार आहे."

"माहितीय मला," मालकीण हसली.

मित्रांनो, आपल्या माणसांना बोलतं करा. ती काय करतात ते त्यांच्याच तोंडून ऐका आणि मग लिहा. नाहीतर माझ्यासारखे भारदस्त कागद त्यांना झाकून टाकतात.