डावा दमवायचा

दाराच्या कडीला बांधलेली रबराची पट्टी.

शर्ट घालताना आधी उजवी बाही, मग डोकं, शेवटी डावी. उलट केलं तर खांदा आतून ओरडतो.

आई ताट पुढे करते. "डाव्या हाताने काय घेतोस रे?"

मॅडमच्या खोलीत साबणाच्या वडीएवढं एक यंत्र.

दादा शीळ घालतो. हल्ली फार घालतो.

*

हे सगळं एकाच खांद्याचं. खांदा धाकट्याचा.

दोघे भाऊ एकाच बेसबॉल संघात पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे. गेल्या हंगामापर्यंत सामना दादाच्या फेकीने सुरू व्हायचा. आता धाकट्याच्या. दादा बाकावर.

हंगाम लांबला की पिचरचा खांदा मागून झिजतो. चेंडू सुटल्यावर सुसाट निघालेल्या हाताला लगाम घालणारे स्नायू तिथे असतात, लहान आणि गुपचूप. ते थकले तरी चेंडू वेगानेच जातो. टाळ्या पडतातच. लगाम तेवढा सुटलेला असतो.

म्हणून संघाच्या फिजिओ मॅडम दर आठवड्याला दोन्ही हातांचा जोर यंत्रावर मोजतात. कोपर बरगडीला चिकटवायचं, पंजा बाहेर ढकलायचा. मनगटाशी यंत्र धरून मॅडम आत दाबतात. आधी उजवा, मग डावा. फेकीचा हात दुसऱ्यापेक्षा फार कमी भरला की बाकावर बसायचं. संघाचे प्रशिक्षक सरसुद्धा त्यात बोलत नाहीत.

*

"उद्या मॅडम मला बसवणार," धाकटा दादाला म्हणाला. "फायनलला."

"मॅडम बघतात काय?"

"उजव्याचा जोर."

"चूक. दोन हातांतला फरक बघतात. उजवा रातोरात वाढणार आहे का?"

"नाही."

"मग शहाण्या, डावा कमी कर."

धाकटा आधी हसला. मग हसायचा थांबला.

दादाने स्वतः पट्टी कडीला बांधून दिली. डाव्या हाताने बाहेर ओढायची, हात थरथरेपर्यंत. सकाळी तपासणीआधी पुन्हा.

"आणि दोन्ही कमी आले, असं त्या म्हणाल्या तर?"

"ताप होता म्हण. तुझं तोंड तसंही आजारीच दिसतं."

"दादा, तू नसतास तर माझं काय झालं असतं रे?"

"ओढ. बोलू नकोस."

*

"दोन्ही हातांचा जोर उतरलाय," मॅडम म्हणाल्या.

"ताप होता, मॅडम."

त्यांनी कपाळाला हात लावून पाहिलं. आकड्यांकडे पाहिलं. फरक नव्हता.

"अंगात त्राण नाही वाटलं तर सरांना सांगायचं. लाजायचं नाही."

"हो, मॅडम."

दारातून बाहेर पडताना त्याला डाव्या हाताने जड दार ढकलता येईना. उजव्यानेही येईना. शेवटी त्याने दार ढुंगणाने ढकललं, आणि बाहेर उभा असलेला दादा पोट धरून हसला. धाकटाही हसला.

*

फायनल. चौथ्या डावात धाकट्याने चेंडू फेकला आणि चेंडूमागून हातही गेल्यासारखा झाला. ओला कपडा टरकतो तसा आवाज. पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

तो मातीच्या उंचवट्यावर गुडघ्यांवर बसला. सर धावले, मॅडम धावल्या. दादा चालत आला. कपाळावर घाम होता. पहिल्या डावापासून तो कुंपणामागे हात गरम करत होता.

"हात गेला रे दादा."

"बघितलं."

त्याने चेंडू उचलला, पँटला पुसला.

"आता काय करू?"

"डावा आहे ना. आराम दे त्याला, दमलाय."

मग शीळ घालत तो उंचवट्यावर उभा राहिला. सामना जिंकला.

*

खांदा शिवला. शिवलेला हात केसांपर्यंत पोचत नाही. भांग आई पाडून देते, आणि रोज म्हणते, "दादा नसता तर त्या दिवशी संघाची लाजच गेली असती." धाकटा मान खाली घालून बसतो. मान वर केली तर भांग वाकडा पडतो.

पट्टी अजून कडीला आहे. दार लागत नाही नीट.

गेल्या हंगामात त्याच यंत्रावर दादाचा उजवा कमी भरला होता, आणि मॅडमनी सांगताच तो बसला होता.