शिखरावरून उतरलेला बेडूक

मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी एक बिजागरी तुटली आहे आणि पंखा घरघरतो. पण मित्रांनो, माझ्या या काचेवर एक हरवलेला बेडूक सापडला होता!

कारखान्यातून निघालो तो थेट सुलावेसी बेटावर, मकास्सरच्या विद्यापीठात आलो. माझ्या मालकीणबाई मार्लिना रांते बेडकांच्या अभ्यासक. त्यांच्या शेजारी नकाशे बनवणारे वयस्कर तिका बसत. त्यांना सगळे आदराने 'डाएंग' म्हणत.

त्या वर्षी डोंगरातून नवा रस्ता जाणार होता. तिथला सोनेरी पाठीचा बेडूक कित्येक वर्षांत कुणी पाहिला नव्हता. "तो नेमका कुठे आहे ते दाखवा, तेवढा भाग आम्ही सोडू," असे अधिकारी म्हणाले होते. एवढा मोठा डोंगर, शोधायचे कुठे?

म्हणून बाईंनी त्या बेडकाच्या साऱ्या जुन्या नोंदी माझ्यात भरल्या. नकाशावर ठिपके उमटले आणि डाएंग हसू लागले.

"हे दोन बेडूक समुद्रात काय करतायत? मासेमारी?"

"अक्षांश दक्षिणेऐवजी उत्तर लिहिलाय," बाई म्हणाल्या. "आणि हा ढीग बघा, भर शहरात. बेडूक सापडला तिथला नाही, तो बरणीत घालून ठेवलाय त्या संग्रहालयाचा पत्ता टाकलाय."

चुकीचे सुधारले, न सुधारणारे गाळले. एकच नोंद दोनदा आली होती, तीही काढली.

"अगं, अशीच गाळत बसलीस तर उरेल काय?"

"खोट्या ठिपक्यांच्या मागे डोंगर चढायचाय का तुम्हाला?"

मग बेडकाला कसली जागा मानवते ते कळावे म्हणून पाऊस, उष्णता आणि उंचीचे नकाशे आले. एकाचे चौकोन मोठे, दुसऱ्याचे बारीक. ते एकावर एक नेमके बसवताना मी तापून लाल झालो, पण काय मजा येत होती!

तेवढ्यात बाई थबकल्या. सगळे ठिपके उबदार ओढ्यांकाठी, आणि एकटा थंडगार शिखराजवळ. तो बेडूक पकडणारे सांपेआजोबा अजून होते. बाईंनी त्यांना फोन लावला.

"आजोबा, तुम्ही शिखरावर गेला होतात?"

"शिखरावर? माझे गुडघे तेव्हाही असलेच होते, पोरी."

"मग उंची तीन हजार मीटर कशी?"

"मीटर कुणी सांगितलं? आम्ही फुटात मोजायचो."

बाईंनी ठिपका खाली दरीत आणला. मी पुन्हा सारे गणित केले आणि नकाशावर ती अख्खी दरी लाल झाली. बेडकाला मानवेल अशी जागा! डाएंगनी हातातली कॉफी तशीच ठेवली.

"उद्याच निघू," ते म्हणाले.

दोघे चिखलाने माखून परतले. बाईंनी ध्वनिमुद्रणाचे यंत्र मला जोडले. आधी ओढ्याची खळखळ. मग माझ्याच कर्ण्यांतून आवाज आला, टुक्, टुक्, टुक्! डाएंग डोळे पुसत म्हणाले, "आवाज वाढव ना."

पुढे रस्त्याची नवी आखणी आली. ती रेघ दरीला वळसा घालून गेली.

आता नवा लॅपटॉप आला आहे. मी कपाटात असतो, धूळ खातो. तुमच्या घरातल्या जुन्या यंत्रांना अधूनमधून पुसत जा. आणि मित्रांनो, एखादे फूल किंवा पाखरू दिसले तर ते कुठे, कधी पाहिले ते नीट लिहा. मोजलेत तर कशात मोजले, फुटात की मीटरमध्ये, तेही लिहा. त्याला शोधत कुणीतरी तुमच्या शब्दावर विसंबून निघणार आहे.