आधी बाहुली, मग चहा

प्रसूती विभागात टेबलं तीन, श्वास देण्याच्या रबरी पिशव्या दोन, मास्क चार आणि सरावाची बाहुली एक. चौदा महिन्यांपूर्वी इथल्या अकरा नर्सनी, न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं. त्यांतल्या पाच जणींची बदली झाली होती. त्यांच्या जागी पाच नव्या आल्या होत्या.

ते अजून किती जणींना जमतं हे मोजायचं काम माझं होतं; हातात स्टॉपवॉच होतं. बाहुली टेबलावर ठेवल्यापासून मिनिटाच्या आत तिची छाती वर आली, की पास. आधीच्या तीन रुग्णालयांत बहुतेक जणी सगळं विसरल्या होत्या. इथेही तेच निघालं, तर हे प्रशिक्षण कायमचं बंद होणार होतं. ते शिकवणाऱ्या बाई मला निघताना एवढंच म्हणाल्या होत्या, "आकडे गोड करून आणू नकोस."

त्या तीन ठिकाणी बाहुल्या खराब होऊ नयेत म्हणून कुलपात होत्या. इथल्या बाहुलीची मान झिजून चिकटपट्टीवर तगली होती.

"हिची ही दशा कुणी केली?"

"आमच्या मावशींनी," मोठ्या सिस्टर हसल्या. "ड्युटीवर आलं की आधी बाहुली, मग चहा. मलासुद्धा सोडत नाहीत."

फरशी पुसणाऱ्या मावशी ताठ उभ्या राहिल्या. "मी कशाला मनचं सांगू? त्या शिकवणाऱ्या बाईच म्हणाल्या होत्या, छाती फुलवल्याशिवाय कुणाला चहा नाही. किटली घेऊन मी दारातच होते की!"

"अहो मावशी, ते त्या दिवसापुरतं होतं!" सिस्टर म्हणाल्या.

मावशींचा चेहरा उतरला. "मग वर्षभर बोलला नाहीत ते?"

"बोलून चहा कोण घालवेल?" सिस्टर म्हणाल्या. मग शेजारच्या नव्या नर्सकडे बोट करून त्यांनी आवाज खाली आणला. "गेल्या महिन्यातलं ते निळं पडलेलं बाळ आठवतंय? या नव्या पोरीने रडवलं. हिला कुठलं आलंय प्रशिक्षण? तुमच्यामुळे घरी गेलं ते."

मावशी पुसलेलीच फरशी पुन्हा पुसू लागल्या.

मी बाईंना फोन करून हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मोजायच्या आधी मावशींना फोन दे. नंतर आभार मानले तर ते निकालाचे होतील."

मावशी फोनवर नुसत्या "हो बाई, हो बाई" करत राहिल्या.

मग मी घड्याळ सुरू केलं.

प्रशिक्षण घेतलेल्या सहा: सहाही मिनिटाच्या आत, सरासरी एकेचाळीस सेकंद. न घेतलेल्या पाच: पाचही मिनिटाच्या आत, सरासरी त्रेचाळीस सेकंद.