पडद्यामागचा वजनकाटा

मी एक जुना वजनकाटा आहे. माझं तबक एका कडेला चेपलंय. मित्रांनो, तुमच्याशी मान वर करून बोलायचं धैर्य मला अजून होत नाही.

कारखान्यातून मी आधी एका बेकरीत गेलो. काटा स्थिर झाला की बेकरीवाला वर आणखी एक बिस्किट ठेवी आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाई. ते दिवस मानाचे होते. पुढे बेकरी बंद पडली आणि मला मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत आणलं गेलं.

तिथे एक तरुण संशोधक होती. मन उदास असलं की माणूस जास्त खातो का, हे तिला शोधायचं होतं. ती लोकांना एक रडवणारा चित्रपट दाखवी. मग बिस्किटांचा वाडगा पुढे ठेवून म्हणे, "चव कशी आहे तेवढं सांगा. हवी तेवढी खा." माणूस गेला की वाडगा पडद्यामागे माझ्यावर येई. त्याने किती खाल्लं ते मी सांगे. खाणाऱ्याला याचा पत्ताही नसे.

एकदा माणसं कमी पडली, म्हणून तिने आपल्या मावशीला बोलावलं. मावशीचे यजमान नुकतेच वारले होते. त्या दिवशी वाडगा रिकामा आला.

"बापरे!" तिचा सहकारी हसला. "मावशींनी तर वाडगा धुऊनपुसून ठेवला!"

तीही हसली. "बघ, माझ्या घरातच पुरावा निघाला!"

मावशी विसरलेली पर्स न्यायला परत आली होती. ती दारातच थबकली. पडदा बाजूला होता आणि वाडगा अजून माझ्यावरच होता. तिने घाईघाईने ओठांवरचे कण पुसले.

"वजन करत होतात होय?"

"अगं मावशी, तो प्रयोगाचा भाग..."

"मला विचारायचंस ना. तुझे काका गेल्यापासून घरी घास उतरत नाही. एकटीसाठी काय वाढून घ्यायचं? आज तू खा म्हणालीस, म्हणून खाल्लं गं."

ती पर्स घेऊन निघून गेली. भाचीला तिच्यामागे जायचंही सुचलं नाही. आणि मला तर तोंड लपवायलाही जागा नव्हती.

मावशीची नोंद तिने प्रयोगातून काढून टाकली. पुढे ती प्रत्येकाला शेवटी खरं काय ते सांगू लागली, 'का खावंसं वाटलं?' असंही विचारू लागली. दर रविवारी ती मावशीकडे जाऊन स्वयंपाक करते.

"मावशी जेवतात का गं?" सहकाऱ्याने एकदा खालच्या आवाजात विचारलं.

"माझ्यासमोर नाही. पोट भरलंय म्हणते. काल दोन घास खाल्ले, तेही माझी पाठ वळल्यावर."

आता मी कपाटात असतो. मित्रांनो, पिठाचं, साखरेचं वजन माझ्यावर खुशाल करा. पण कुणी भराभर खाताना दिसलं, तर त्याच्या ताटाकडे बघून हसू नका. शेजारी बसा आणि म्हणा, "अजून वाढू?"