चव्हाट्यावरची सुते

जपानातल्या आमच्या एचिगोच्या डोंगरात मुलीचं नाव सुते असलं, की त्या घरात आधी पोरं गेली आहेत हे समजायचं. सुते म्हणजे टाकलेली. तान्ही पोर सुपात घालून आईबापांनी चव्हाट्यावर ठेवायची आणि मागे वळून न बघता घरी यायचं. मग आधी ठरवलेल्या बाईने ती 'सापडली' म्हणून उचलायची आणि नाव ठेवायचं. टाकलेल्या पोरावर मरणाचा डोळा जात नाही म्हणतात. जी पहिली उचलेल तीच तिची खरी आई. जन्मदातीने ती नुसती सांभाळायची.

मित्सुएची दोन पोरं तिच्या मांडीवरच गेली. तिसरी झाली तेव्हा उचलायचा मान तिने मला, शेजारच्या ताकीला, दिला. आणि मी काय केलं? ओढ्यावर मुळे धुता धुता बायकांशी गप्पा छाटत बसले. जळली मेली माझी जीभ!

धावत पोचले तर सूप जागेवर होतं, पोरही होती. पण मित्सुएने तिला निळ्या दुपट्यात गुंडाळलं होतं, आणि आता तिच्या अंगावर तांबडं होतं. ओठांवर ताजं दूध होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी तिला माझ्या कमरेच्या फडक्यात घेतलं, तांबडं दुपटं ओढ्यात सोडलं, सुते नाव ठेवलं आणि मूग गिळून बसले.

सहा वर्षांत पोरीला साधी शिंक आली नाही. पण 'सुते' अशी हाक मारली तर ती ढिम्म हलायची नाही. रिकाम्या रस्त्याकडे बघून मात्र "आले गं आई" म्हणायची.

तिला सातवं लागणार होतं. एका दुपारी मित्सुए ओसरीवर लाल चवळी निवडत होती, तिथे जाऊन मी सगळं ओकले.

"पुन्हा सूप काढू गं," मी म्हटलं. "या खेपेला मी आधीपासून जाऊन बसते. आपली पोर आपल्याला नको का?"

तिचा हात थांबला नाही. "काकू, निळं दुपटं परत आलं नाही, तेव्हाच कळलं मला."

"आणि सहा वर्षं गप्प बसलीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

मी तिच्या सुपातले खडे वेचू लागले.

"माझ्याकडे दोन मेली," ती म्हणाली. "हिला तिने जगवलं. आता पुन्हा टाकली, तर या वेळी ती परत आणून ठेवेल?"

मला रडू फुटलं. भीती तर होतीच, पण त्याहून मित्सुएची दया आली.

तेवढ्यात सुते अंगणातून रस्त्यावर आली. एक हात वर, कुणा उंच बाईचं बोट धरावं तसा. ती चव्हाट्याकडे चालू लागली. मित्सुए उठली, ओसरीच्या कडेला गेली आणि रिकाम्या रस्त्यापुढे कमरेत वाकली.

"अंधार पडायच्या आत आणून सोडा हं, ताई."